प्रीतीचा अध्याय वाचून झाला, आता घरी कोण जाणार?

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधला प्रीतीवरचा अध्याय वाचला: पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 13वा. छान वाचला. मग आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत एका आजींचं नाव आलं आणि पुढच्या बाकांवर कुजबुज, "या कोण?" मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळून त्यातलं अर्पण टाकणाऱ्या आजी. किती रविवार आल्या नाहीत, कुणाला पत्ता नाही. फार चीड आली.

तो अध्याय पौलानं लग्नात वाचण्यासाठी लिहिला नव्हता. आधीचा 11वा उघडा: प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायला जमून, एक उपाशी, दुसरा झिंगलेला. 12व्यात कृपादानांची, म्हणजे देवानं दिलेल्या वरदानांची, चढाओढ. अशा भांडखोर मंडळीला तो लिहिलाय. म्हणजे आपल्यालाच.

बायबलमधलंच दुसरं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, प्रीतीवर उपदेश झोडला नाही, सात माणसं नेमली. सातही नावं ग्रीक! स्तेफन, फिलिप्प, नीकानोर... ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच. मराठी, तेलुगू, कानडी एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकरांना हे समजावून सांगावं लागतं?

आठ-दहा घरांमागे दोघांची जोडी करा, त्यात एकाला त्या घराची भाषा यायला हवी. उपासना सुटली की तिथंच हजेरीची आणि भेटींची वही बघा. सलग दोन रविवार कुणी दिसलं नाही, तर त्याच आठवड्यात घरी जा. उन्हाळ्यात पाचनंतर. विड्या वळणाऱ्या बाईंकडे त्या कारखान्यात माल देऊन परतल्यावर. वीस मिनिटं पुष्कळ झाली. आधी औषधं, रेशन, दवाखान्यात कोण नेतं ते विचारा. मग एखादं स्तोत्र, 23 किंवा 121, आणि छोटी प्रार्थना. सुनेसमोर "नीट बघतात ना?" विचारू नका, उत्तर "हो"च येणार आणि तुम्ही उठलात की घरात भांडण. पैसे पाकिटात द्या, दोघांनी मिळून, आणि नाव मंडळीत वाचू नका. चालवत नसेल तर पाळकसाहेबांना सांगून प्रभुभोजन घरी न्या. या आजींसाठी यातलं एकही झालं नाही.

बिघडतं कुठं तेही ठाऊक आहे. वही एकाच्याच कपाटात. तो गावाला गेला की काम बंद. भेटी होतात त्या मोठं अर्पण देणाऱ्यांकडे. सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायांशी बसवणाऱ्यांना याकोबानं बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात झापलंय, ते विसरतो. पाळकसाहेब एकटे कुठं कुठं पुरणार, हे मान्य. म्हणून तर तेव्हा सात नेमले!

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. मुद्दाम कुणी आजींना टाळलं नाही, हे कळतं. पण प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी गेलं असेल.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना एक विनंती. पुढच्या सभेत रंगकामाचा विषय पहिला आहे. भेटींची वही त्याच्या आधी घ्या, आणि जोड्यांची नावं त्याच बैठकीत ठरवून उठा.