टीबीचा पेशंट हॉस्पिटलमध्ये येऊनही का दगावतो

टीबीवर औषध आहे, साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय आणि ते खरंच आहे. तरी 2023 या एका वर्षात जगात साडेबारा लाख माणसं टीबीने गेली. त्यातली कितीतरी हॉस्पिटलमध्ये पोचलेली होती, बेड मिळालेला, सलाईन चालू, डॉक्टर राउंडला येतायत, आणि तरी गेली. मेडिकल वॉर्डात ड्युटी करते म्हणून हे सतत डोक्यात असतं, आज लिहूनच टाकते, मोठं झालंय पण वाचा प्लीज.

टीबीने जाणारे बरेचसे पेशंट उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच जातात. म्हणजे गोळ्या मध्येच सोडल्या, पेशंटने हलगर्जीपणा केला वगैरे जे आपण पटकन बोलून मोकळे होतो ते इथे लागूच होत नाही. माणूस येतो तेव्हाच पार खंगलेला असतो आणि काहींच्या बाबतीत तर टीबी आहे हे कळायच्या आधीच सगळं संपतं. एचआयव्ही असलेल्या लोकांच्या मृत्यूनंतर केलेल्या पोस्टमॉर्टेमचे वेगवेगळ्या देशांतले अभ्यास 2015 मध्ये एकत्र करून पाहिले गेले, तर सुमारे 40 टक्के मोठ्या माणसांच्या शरीरात टीबी निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना जिवंतपणी कुणी टीबी आहे असं सांगितलंच नव्हतं. निम्म्यांना! हे वाचलं तेव्हा मी सुन्न झाले होते.

हे होतं कसं? खोकला, ताप घेऊन माणूस येतो, न्यूमोनिया समजून लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सुरू होतं, आता हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं, त्यामुळे चार दिवस ताप उतरतो, घरचे खूश, डिस्चार्ज. काही आठवड्यांनी तोच माणूस परत येतो तेव्हा अंगावर मांस उरलेलं नसतं.

मग थुंकीची तपासणी. हातात डबी देऊन नुसतं 'थुंकी आणा' म्हटलं की पेशंट थुंकीच आणणार ना, पांढरी फेसाळ लाळ. हवा असतो छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका. त्यासाठी त्याला नीट बसवावं लागतं, चूळ भरायला लावावी लागते, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला सांगावं लागतं, आणि जो उशीवरून मानच उचलू शकत नाही त्याच्याजवळ तर कुणीतरी थांबावंच लागतं. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, लाळेत कुठून येणार तेवढे? जीनएक्सपर्ट हे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन दोनेक तासांत सांगतं टीबी आहे की नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्येच ते वापरा म्हणून सांगितलंय, पण सॅम्पलच चुकीचं गेलं किंवा ट्रेमध्ये पडून राहिलं तर मशीन तरी काय करणार. एचआयव्हीच्या अॅडमिट पेशंटसाठी लघवीची एलएएम टेस्ट आहे, म्हणजे लघवीत टीबीच्या जंतूचा अंश शोधायचा, अर्ध्या तासाच्या आत रिझल्ट, बेडका निघत नसेल तर तीच कामाला येते, ती तरी विसरू नका.

निदान झालं तरी काम संपत नाही. तमिळनाडूने 2022 पासून एक गोष्ट सुरू केली जी मला फार पटते. टीबी निघाला की त्याच वेळी वजन-उंची, पायावर सूज, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का हे बघायचं, आणि यात जो गंभीर निघेल त्याला गोळ्या देऊन घरी न पाठवता अॅडमिट करायचं. यासाठी कुठली मोठी लॅब लागते सांगा? आणि अॅडमिट केलं की खरंच लक्ष ठेवायचं, कारण याच गोळ्यांनी काहींचं लिव्हर बिघडून कावीळ होते, आणि उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो, आहार हळूहळूच वाढवावा लागतो.

सगळ्यात जास्त राग मला मृत्यूच्या कागदाचा येतो. कारण म्हणून लिहिलेलं असतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो! टीबी लिहिला नाही की तो आकड्यात येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या घरातल्या लहान पोरांची तपासणी करायला कुणी जात नाही.

तुमचं कुणी खोकला, ताप, रोडावलेलं अंग घेऊन अॅडमिट असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, टीबीची टेस्ट पाठवली का, रिझल्ट कधी येणार. सिस्टरला विचारा, डॉक्टरांना विचारा, आम्हाला राग येत नाही, आला तरी विचारा. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला पण माणूस खालावतच चालला असेल तर पुन्हा पाठवायला सांगा, एका निगेटिव्ह रिपोर्टने टीबी नाही असं ठरत नाही.