चंपाषष्ठीपर्यंत थांबणारे वांगे

मनःशांतीविषयी हल्ली जे सांगितले जाते, त्यात बहुधा काहीतरी वाढवायलाच सांगितलेले असते: एखादे शिबिर, एखादे ॲप, पहाटेचा आणखी एक नेम. मला मात्र वाटते की, आपण कामाने जितके थकतो त्याहून अधिक सगळे काही सदासर्वकाळ हाताशी असल्यामुळे थकतो.

आमच्या खानदेशात अनेक घरांतून आषाढी एकादशीला सुटलेले वांगे थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच पुन्हा ताटात येई. यातल्या पुण्याचा हिशेब मला ठाऊक नाही. पण मधले काही महिने 'आज वांगे करावे का' हा प्रश्नच घरात उठत नसे, आणि न उठणारा प्रश्न मनाला केवढी विश्रांती देतो! पुढे थंडीत शेतात भरिताचा बेत ठरायचा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर मोठी हिरवी वांगी काळी पडेपर्यंत भाजायची, सोलायची, मिरच्या-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची आणि कांद्याची पात, शेंगदाणे घालून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर खायची. काजळीने माखलेल्या हातांनी मोबाईल धरता येत नाही, हा या कामाचा गुण मला अलीकडे फार मोलाचा वाटू लागला आहे.

अर्थात, कापसाचा भाव पडलेला असताना किंवा वादळाने केळीची बाग आडवी झालेली असताना शेतकऱ्याला 'मन शांत ठेवा' म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याला भाव हवा, विम्याचे पैसे वेळेवर हवेत. शांत राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात साने गुरुजींनी अध्ययन केले, तिथल्याच शाळेत शिकवले, आणि १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

आमच्या घरी आता दिवेलागणीपासून जेवणे उरकेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल कपाटात असतात. मुलगी कुरकुर करते, पुण्याहून भावाचा फोन आला तर तो आईच्या जुन्या बटणांच्या फोनवर येतो, आणि केळीच्या भावाचा मेसेज रात्री नऊला वाचला म्हणून भाव काही बदललेला नसतो.