नेटवर्क कार्ड ओळखत नाही? आधी नारळ ठेवा

पीसीवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम टाकली, सगळं झकास सुरू झालं, आणि कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्हच नाही. अभिनंदन! आता आठ दिवस तरी तुम्हाला वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडणार नाही.

पहिली काळजी ही घ्या, की कार्ड कुठलं आहे ते चुकूनही बघायचं नाही. एलएसपीसीआय ही कमांड ‘एनएनके’ जोडून चालवली की कार्ड मशीनला दिसतंय का, त्याचा नंबर काय आणि कुठला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागलाय, हे पाच सेकंदांत कळतं. इतक्या लवकर कळलं तर पावसाळाभर करायचं काय? मासेमारी बंद, आंबा संपलेला, वीज येऊन-जाऊन. त्यापेक्षा लिनक्स पुन्हा टाका. लिनक्सचे प्रकार काय कमी आहेत? उबुंटू नाही तर मिंट. मिंटमध्ये कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बहुतेक उबुंटूचाच असतो, पण हिरवा रंग बघून कार्डाचं मन वळेलही.

कमांड चालवलीच, तर चौकोनी कंसात १०ईसी:८१६८ असं काहीतरी दिसेल. दोन टिंबांच्या अलीकडचं कंपनीचं आडनाव, पलीकडचं चिपचं नाव. १०ईसी म्हणजे रिअलटेक. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरची आठवण म्हणून. आता गंमत अशी, की ८१६८ला कर्नल जो ड्रायव्हर लावतो त्याचं नाव आर८१६९. इथे तुम्ही खवळायचं. आडनाव वेंगुर्लेकर आणि चार पिढ्या देवगडात, याचं आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही, पण आठाच्या जागी नऊ म्हणजे नक्की घोटाळा! चालता ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे त्याला वाळीत टाका, बाहेरून आर८१६८ आणून स्वतः कंपाइल करा, आणि दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधून देणाऱ्या डीकेएमएसच्या भानगडीत पडू नका. म्हणजे पुढच्या कर्नल अपडेटला नेट पुन्हा गायब, आणि तुम्ही पुन्हा कामाला.

वायफायवाल्यांची मजा वेगळी. कार्ड दिसतं, ड्रायव्हर असतो, पण कार्डाच्या पोटात चढवायचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, नसतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या निरोपांच्या यादीत, हव्या त्या फाइलचं नावसुद्धा छापून येतं. ते वाचू नका. फर्मवेअर आणायला नेट हवं आणि नेटला फर्मवेअर हवं, या कोड्यात पूर्वी माणसं महिनाभर रमायची. डेबियन या लिनक्सवाल्यांनी २०२३ साली बाराव्या आवृत्तीच्या इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर घालून त्यावर पाणी ओतलं. ‘फोन यूएसबी केबलने जोड, टेदरिंग चालू करून फोनचं नेट पीसीला दे, तात्पुरतं नेट मिळेल,’ असं कुणी सांगू लागला तर त्याच्याशी बोलणं टाका.

मदत मागताना ‘नेट चालत नाही, अर्जंट’ एवढंच लिहा. कार्डाचा नंबर, कर्नलची आवृत्ती, डीमेसेजच्या ओळी असलं काही देऊ नका. देवळात गाऱ्हाणं घालताना कोण, कुठल्या वाडीतला, कशासाठी आलाय, हे सगळं देवाला सांगावं लागतं. पण तो देव. लिनक्सवाल्यांना अंतर्ज्ञान असतं.

ही सगळी पथ्यं मी स्वतः पाळलेली आहेत. आमचा पीसी पडवीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. त्याला जोडलेलं नेटवर्क कार्ड गेल्या पावसात दिसेनासं झालं. तीन दिवस ड्रायव्हर बदलले, दोनदा लिनक्स टाकलं. मग गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला. चाकरमानी गावात आला की त्याला सगळ्यातलं कळतं, हे आपण धरूनच चालतो. याला नेमकं कळत होतं, हा माझा अपमान.

“एलएसपीसीआयत दिसता काय?”

“नाय.”

“मगे ड्रायव्हर कोणाक लावतंस?”

त्याने वायर काढली, कॅबिनेट उघडलं. आत तांबड्या मातीची धूळ, पॉवर सप्लायच्या कडेला पालीची दोन अंडी. कार्ड उपसून त्याने उजेडात धरलं. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट कळा आलेली, देव्हाऱ्यातली तांब्याची पळी महिनाभर घासली नाही की येते तशी. पुतणीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन त्याने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसल्या, चुरा ब्रशने झटकला आणि कार्ड पुन्हा खाचेत ‘टक्’ होईपर्यंत दाबलं. मशीन चालू केलं तर कार्डाची ओळ हजर, खाली ड्रायव्हरचं नावही.

मी तरीही हार मानली नाही. आणखी अर्धा दिवस एथ० नावाचं कार्ड शोधत बसलो, कारण माझ्या जुन्या वहीत तेच नाव होतं. कार्ड बिचारं ईएनपी३एस० या नावाने समोर उभं होतं. कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून हल्ली नाव पडतं, हे भावाने दोनदा सांगितलं. चाकरमान्याचं किती ऐकायचं?

अंडी आयेने अलगद उचलून माडाच्या बुंध्याशी ठेवली. नेट आलं म्हणून सांगितलं तर तिने खोडरबराकडे बघितलंसुद्धा नाही.

“येतलाच. सोमवारीच रवळनाथाक नारळ ठेवलंय मी.”