'कंपनी बंदूक रोखत नाही' म्हणे!

"युद्धं सरकारं करतात. व्यापाऱ्याला शांतताच हवी असते. कंपनी कधी कुणावर बंदूक रोखत नाही. जागतिक भांडवलशाहीने जग सुरक्षित आणि श्रीमंत केलं." हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होतो. काल भाच्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'डोळे उघडणारं' असं लिहून. आता उत्तर देणं आलं.

त्यात बर्गरचाही दाखला आहे: ज्या दोन देशांत मॅकडोनाल्ड्स असतं ते आपसात लढत नाहीत. 1996 सालची ही कल्पना. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा दोन्हीकडे मॅकडोनाल्ड्स होतं. पुढे चला.

कंपनी बंदूक रोखत नाही? डच ईस्ट इंडिया कंपनीला 1602 च्या सनदेनेच फौज बाळगायचा अधिकार दिला होता. 1621 मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी तिने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची वस्ती जवळजवळ संपवली. जुनी गोष्ट म्हणाल, म्हणून केळ्यांची चिकीटा कंपनी घ्या. 1997 ते 2004 या काळात तिने कोलंबियातल्या एयूसी या निमलष्करी टोळीला 17 लाख डॉलरहून जास्त पैसे दिले. हे कुणा डाव्या पत्रकाचं म्हणणं नाही, कंपनीने स्वतः 2007 मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि अडीच कोटी डॉलर दंड भरला. 'आमच्या कामगारांच्या जिवासाठी द्यावे लागले' हा तिचा बचाव. पहिल्यांदा धमकी आली असेल, तेवढं मानू. पण 2001 मध्ये अमेरिकेने एयूसीला दहशतवादी ठरवलं आणि 2003 मध्ये कंपनीच्याच वकिलांनी पैसे थांबवा म्हणून बजावलं, तरी हप्ते चालूच. वर हिशेबात नोंद काय, तर सुरक्षा सेवा! 2024 मध्ये फ्लोरिडातल्या ज्युरीने आठ जणांच्या हत्यांसाठी कंपनीला जबाबदार धरलं. बंदूक दुसऱ्याच्या हातात होती, हे खरं. गोळ्यांचे पैसे कुणी दिले?

व्यापाऱ्याला शांतता हवी, हेही तपासा. 1839 मध्ये चीनने ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू नष्ट केली, तेव्हा लंडनमध्ये युद्धासाठी खटपट करणाऱ्यांत हे अफूवालेच पुढे होते. 1842 च्या तहात चीनकडून 2 कोटी 10 लाख डॉलर उकळले, त्यात 60 लाख त्या अफूचेच.

राहिली गरिबी. जागतिक बँकेच्या मोजणीत 1990 मध्ये जगातल्या तिघांपैकी एकाहून जास्त माणसं अत्यंत गरीब होती, 2019 पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास आलं. व्यापाराचा त्यात हात आहे, नाकारत नाही. मात्र या घटीत सगळ्यात मोठा वाटा चीनचा, आणि तिथलं सरकार हाताची घडी घालून बसलं होतं, असं तो फॉरवर्ड लिहिणारासुद्धा म्हणणार नाही.