उताऱ्याखालचे प्रश्न

माझी मुलगी यंदा आठवीत गेली आणि फोंड्याच्या आमच्या घरात इंग्रजीच्या संज्ञांचा एक छापील कागद मुक्कामाला आला. चवथीला आलेला एखादा पाहुणा दीड दिवसाचा गणपती विसर्जित झाला तरी हलत नाही, तसा तो फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली ठाण मांडून आहे. त्यावर सिमिली, मेटाफर, आयरनी, फोरशॅडोइंग, इन्फरन्स, टोन आणि मूड अशी मंडळी आपापल्या व्याख्यांसह बसली असून दर शुक्रवारी त्यांची चाचणी असते.

माझे शिक्षण मराठी माध्यमातले असल्यामुळे सिमिली म्हणजे उपमा आणि मेटाफर म्हणजे रूपक, यांचे मला भय वाटले नाही. 'लाइक' दिसले की सिमिली, या सोप्या खुणेवर विसंबून मुलीच्या एका मैत्रिणीने 'आय लाइक मँगोज' या वाक्याखालीही रेघ ओढली. मानकुराद आंब्याच्या हंगामात मी तिला गुण दिले असते. अतिशयोक्तीसाठीचा 'हायपरबोल' असा सरळ दिसणारा शब्द 'हायपर्बली' असा उच्चारावा लागतो, हेही मी निमूटपणे मान्य केले. ऑनोमॅटोपिया मात्र मला अजून मान्य नाही. धो-धो, टपटप आणि खळखळ एवढ्यांना ओळखण्यासाठी बारा अक्षरांचे नाव, आणि त्यात चार वेळा 'ओ'! अर्थात यात एकट्या इंग्रजीला दोष देण्यात अर्थ नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले होते. पुढच्या पंडितांनी ती यादी शंभरापलीकडे नेली. त्यांच्याही घरी आठवीतली मुले असतील, याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही.

खरा छळ उताऱ्याचा आहे. आमच्या वेळी प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, एवढे केले की गुण मिळत. आता उत्तर उताऱ्यात नसते, पण ते उताऱ्यावरूनच द्यायचे असते. परवाच्या उताऱ्यात एक म्हातारा खिडकीतून बराच वेळ रस्ता पाहतो, दुसरा कप पुन्हा फळीवर ठेवतो आणि दिवा मालवतो. यावरून काय अनुमान, म्हणजे कागदावरचा इन्फरन्स, निघते?

"बाबा, तो झोपायला गेला," मुलगी म्हणाली. "बाकी इथं काहीच लिहिलेलं नाही."

स्वयंपाकघरातून माझ्या आईचा आवाज आला, "अगं, कुणीतरी यायचं होतं, ते आलं नाही."

आईला इंग्रजी येत नाही. मी मराठीत सांगितलेला सारांश तिच्या कानावर पडला, तेवढाच. परंतु अनुमान हा तिचा रोजचा सकाळचा उद्योग आहे. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की ती गॅलरीत जाते. शेजारच्या काकू रोज चार उंडे, म्हणजे गोल पाव, घेतात. त्या दिवशी त्यांनी बारा घेतले आणि सुटे पैसे न शोधता नोट पुढे केली. आई आत येऊन म्हणाली, "त्यांचा जावई आलाय, आणि एकटा नाही आलेला."

मुलीने कागदाकडे बोट दाखवले. "आजी, पुरावा दोन ओळींत द्यायचा असतो. आणि आधीची माहिती जोडायची."

पुरावा उंडे आणि नोट एवढ्यात आटोपला. आधीची माहिती मात्र काकूंच्या मुलीच्या साखरपुड्यापासून निघाली, देण्याघेण्यावरून झालेल्या रुसव्याफुगव्यांतून वाट काढत जावयाच्या भावाच्या नोकरीपर्यंत पोहोचली आणि तिथेही थांबली नाही. टोन म्हणजे लेखकाचा विषयाकडे पाहण्याचा भाव आणि मूड म्हणजे वाचकाच्या मनावर पडणारे वातावरण, हा भेद समजावून देण्याचे मी योजले होते, ते राहूनच गेले. मुलीने मधेच एकदा, "बाबा, हा आजीचा टोन की माझा मूड?" असे विचारून घेतले, त्यावरून तिला तो समजला असावा.

संध्याकाळी काकू चार खुर्च्या मागायला आल्या.