लोंबतं टोक

आमच्या सामाईक वर्कशॉपमध्ये लेथला हात लावायचा असेल तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी कुणीतरी जाणता माणूस उभा. वेल्डिंगच्या कोपऱ्याला पडदा आहे आणि पडद्यावर भलीमोठी सूचना आहे. नेटवर्कच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीत, वायर खुपसायला मात्र फक्त वायर लागते. लेथवर चूक झाली तर ज्याने केली त्याचं बोट जातं. स्विचवर चूक झाली तर बाकी सगळ्यांचं काम जातं आणि करणारा तोवर घरी पोचलेला असतो. वर आपण आज काहीतरी चांगलं केलं या समाधानात.

हे समाधान ध्यानात ठेवा. गेल्या तीन वर्षांत आमचं नेटवर्क जितक्या वेळा झोपलं, त्यात एकदाही कुणाची नियत वाईट नव्हती. व्हायरस नाही, हॅकर नाही. (हॅकर म्हणवणारी मंडळी आमच्याकडे येतात, पण ती सोल्डरिंग करतात आणि जाताना दिवे मालवतात.) प्रत्येक वेळी कुणीतरी मदत केलेली होती.

हे काम माझ्या गळ्यात पडलं तेही मदतीच्या भरातच. मासिक बैठकीत मी नुसतं विचारलं, "नेट एवढं रडत का चालतं?" ज्याला दुखणं दिसलं तोच वैद्य, असा तिथला अलिखित कायदा आहे हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला एक सदस्य उठला आणि त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी आजही आरशात शोधतो आहे. किल्लीसोबत एक कागद होता. त्यावर चार पासवर्ड, त्यातल्या एकावर वॉर्निशचा डाग. खाली नेटवर्कचा नकाशा. नकाशात एक चौकोन, आणि त्यात लिहिलेलं: "हे काय आहे माहीत नाही. काढल्यास सगळं जातं."

कपाट उघडलं तर आत भुसा. साधा नव्हे, एमडीएफ कापताना उडतो तो, पिठासारखा. दार लावलेलं असलं तरी तो आत येतो, कसा ते विचारू नका. स्विचचा पंखा कण्हत होता. वायरी इतक्या, की कुठली कुठून आली हे शोधायला दोन माणसं लागावीत, एक ओढणारा आणि एक "हलली!" म्हणून ओरडणारा. एका वायरीवर चिकटपट्टी होती, पिवळी पडून काचेसारखी कडक झालेली. त्यावर पेनाने "तात्पुरतं" लिहिलं होतं. मी नखाने खरवडली तर पट्टी निघून आली, वायर राहिली. म्हणजे आता ती तात्पुरती आहे एवढीही माहिती उरली नाही.

पहिल्याच दिवशी मी नेटवर्कची पहिली सेवा केली. कॉम्प्रेसरची नळी आणून पंख्यावर धरली. पंखा आयुष्यात कधी फिरला नसेल इतक्या जोरात, शिट्टी घालत फिरला. मग थांबला, आणि पुन्हा फिरलाच नाही. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवायची असतात, हे मला नंतर तिघांनी सांगितलं. तिघेही तेव्हा तिथेच उभे होते.

"नेट गेलंय" या दोन शब्दांत आमच्याकडे काय काय मावतं, याचीही तेव्हाच ओळख झाली. प्रिंटरमधला कागद संपला, नेट गेलं. मॉनिटरचा प्लग निघाला, नेट गेलं. कॅप्स लॉक चालू राहिला आणि पासवर्ड लागेना, तरी नेटच गेलं. एकाने तर थ्री-डी प्रिंटरचं नोझल तुंबल्यावर मला फोन केला. "तुमचं नेट" असा शब्दप्रयोग मात्र नेट गेल्यावरच होतो. चालू असताना ते सगळ्यांचं असतं.

पण मला सांगायचं आहे ते रंगांचं प्रकरण. शिवणकामाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आलं आणि तिथपर्यंत वायर न्यायची होती. आमच्या शिवणताई म्हणाल्या, "तू कशाला खपतोस, मी करते की." त्यांचा हात माझ्यापेक्षा दहापट स्थिर. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या. पांढरट नारिंगी, नारिंगी, पांढरट हिरवी, मग निळी, मग पांढरट निळी, मग हिरवी, शेवटी तपकिरी जोडी. निळी जोडी हिरवीच्या मध्ये का घुसते, याला जुन्या टेलिफोनच्या काळापासूनची कारणं आहेत, पण बघणाऱ्याला तो क्रम गबाळेपणाच वाटतो. ताईंनाही वाटला. त्यांनी चारही पांढरट तारा एका बाजूला घेतल्या, चार गडद दुसऱ्या बाजूला, छटांच्या क्रमाने. दोन्ही टोकांना अगदी तस्सं. क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर प्लग दाबून बसवणं, इतकं देखणं की फोटो काढून ठेवावा. टेस्टरला लावलं तर एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले.

आणि मशीन चालेना. म्हणजे चाले, पण डिझाइन अर्ध्यात अडकायचं. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की तर नावच घेऊ नका. मी तीन संध्याकाळी स्विच बदल, पोर्ट म्हणजे स्विचवरचं भोक बदल, मशीनला दम दे, असे प्रकार केले. टेस्टर म्हणतोय वायर ठीक, मग मी कशाला संशय घेऊ? चौथ्या संध्याकाळी टोक डोळ्यांजवळ धरलं तेव्हा उजेड पडला. टेस्टर एवढंच पाहतो की इकडची पहिली तार तिकडे पहिलीच आहे ना. कोण कोणासोबत पीळ घालून आलं आहे, ते तो पाहत नाही. आणि सगळी गंमत त्या पिळात आहे. जोडीतल्या दोघी एकच निरोप उलटसुलट नेतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडे दोघींमधला फरक तेवढा मोजला की गोंगाट वजा होतो. ताईंच्या रचनेत निरोप नेणाऱ्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांतल्या होत्या. प्रत्येक तार परक्या जोडीदारासोबत नांदत होती आणि शेजारचं सगळं ऐकत होती. हे मी ताईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण दिसतं तर हेच बरं." ते खरं होतं. ती वायर त्यांनी ठेवून घेतली.

राउटरचं प्रकरण त्या मानाने छोटं. ड्रोनवाल्या पोराला माळ्यावर रेंज येत नव्हती, म्हणून त्याने घरी पडलेला जुना राउटर आणून कुणालाही त्रास न देता लावला. नेटवर्कवर नवं यंत्र आलं की ते ओरडून विचारतं, "मला पत्ता कोण देतं?" त्याला उत्तर एकानेच द्यायचं असतं, आमच्या सर्व्हरने. आता दोघं देऊ लागले, आणि यंत्रं अशी भोळी की बहुधा ज्याचं उत्तर आधी आलं तो खरा. त्यामुळे अर्ध्या लोकांचं नेट चालू, अर्ध्यांचं बंद. आणि ज्यांचं बंद ते लॅपटॉप बंद-चालू करून चालू गटात जात, तर चालू गटातले काही बंद गटात. राउटर सापडायला दोन दिवस लागले. तो माळ्यावर एका खोक्यात होता. "धूळ लागू नये म्हणून," पोरगा म्हणाला. मला त्याला रागवता येईना. सबंध वर्कशॉपात धुळीचा विचार करणारा तो पहिलाच.

मग ते वादळ. त्या शनिवारी वर्कशॉप तुडुंब भरलेलं आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळं एकदम ठप्प. मी कपाट उघडलं. एरवी स्विचचे दिवे आपापल्या तंद्रीत लुकलुकत असतात. त्या दिवशी सगळेच्या सगळे एका तालात, जवळजवळ न विझता पेटलेले. हे दृश्य एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही. कुठेतरी वर्तुळ झालं होतं. इंटरनेटच्या पाकिटावर निदान आयुष्याचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून देतो. स्विचमधून फिरणाऱ्या पाकिटाला, म्हणजे इथरनेटच्या फ्रेमला, असलं काही मरण दिलेलं नाही. "अमुक पत्ता कोणाचा रे?" असा सगळ्यांना उद्देशून विचारलेला एक साधा प्रश्न वर्तुळात सापडला की तो फिरतच राहतो, आणि प्रत्येक फेरीला सगळ्यांच्या कानात पुन्हा ओरडतो. असे दोन-चार प्रश्न जमले की संपलं. यावर उपाय आहे, तोही जुना. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये अशी पद्धत शोधून काढली की स्विच आपसांत बोलून जादा वाटा स्वतःच बंद करतात आणि वर्तुळ उरतच नाही, फांद्यांचं झाड उरतं. फक्त आमच्या स्विचला ती येत नव्हती. तो देणगीत आला होता.

मी एकेक वायर उपटत गेलो. सुतारकामाच्या बाजूची उपटली आणि दिवे शांत झाले. मोठ्या बाकाखाली वाकून पाहिलं, तर ढलप्यांत अर्धा बुडालेला आठ पोर्टांचा छोटा स्विच, आणि एका करड्या वायरीचं एक टोक तिसऱ्या पोर्टात, दुसरं सातव्या.

"काका, ही वायर कुणी लावली?"

"मीच," सुतारकाका रंधा न थांबवता म्हणाले. "लोंबत होती."

"दुसरं टोक कुठे होतं ते पाहिलंत?"

"त्याच डबीत होतं की. शेजारी भोक रिकामं दिसलं. घातलं तर टक्क करून बसलं."

यावर काय बोलणार? त्यांच्या धंद्यात जे बरोबर बसतं ते बरोबर असतं. ते टोक लोंबतं कुणी ठेवलं होतं, हा प्रश्न काकांनी विचारला नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. कुणाला लॅपटॉप लावायचा झाला तर सोय असावी म्हणून मीच ठेवलं होतं. त्या टोकाला मी लगेच चिठ्ठी बांधली: "हे टोक या स्विचमध्ये परत लावू नये."

वर्गणी काढून कपाटासाठी नवा स्विच आला. शहाणा. झाड करणारा, नेटवर्कचे एकमेकांशी न बोलणारे कप्पे पाडणारा, घरबसल्या हुकूम घेणारा. म्हणजे आता मलाही घरून मदत करता येणार होती.

आमच्या लेझर कटरचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, पण कटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही, आणि त्या म्हाताऱ्याला असं सगळ्यांत मिसळू देणं माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. एका रात्री अकरा वाजता, कुणाचा खोळंबा नको म्हणून मुद्दाम अकरा वाजता, मी घरून स्विचमध्ये शिरलो आणि लेझरसाठी वेगळा कप्पा पाडला. पोर्टांची यादी लांब होती, डोळे जड होते. लेझरचा पोर्ट नव्या कप्प्यात गेला. सर्व्हरचाही गेला. स्विचच्या स्वतःच्या कारभाराचा कप्पाही मी तोच केला. मग "जतन करा" दाबलं. पानावरचं चक्र फिरू लागलं, आणि फिरतच राहिलं.

बसलेली फांदी तोडणाऱ्याला निदान खाली पडल्यावर जमीन लागते. मी घरी होतो. जतन केलं नसतं तर कुणाला सांगून स्विच बंद-चालू केला असता, जुनं सगळं परत आलं असतं. पण जतन करायची मला चांगली सवय आहे. सकाळी सात वाजता लेझरताई काम घेऊन येणार होत्या.

मी गेलो. दाराशी कार्ड टेकवलं. लाल दिवा.

हे दारही माझंच. पूर्वी किल्ल्या होत्या, त्या हरवायच्या. मग मी कार्डवाचक बसवला, तो प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतो, "याला आत घेऊ का?" कुणी सदस्यत्व सोडलं की एक ओळ खोडायची, झालं. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. सर्व्हर भेटला नाही तर शेवटची यादी वाचकाने स्वतःच वापरावी, हे करायचं राहिलं होतं. कामांच्या यादीत होतं. यादी सर्व्हरवर होती.

त्या बैठकीत सुतारकाका एकटे म्हणाले होते, मागच्या दाराचं कुलूप मी काढू देणार नाही. आम्ही हसलो होतो.

पावणेबाराला त्यांना फोन लावला. वीस मिनिटांत आले, हातात बॅटरी, काय झालं म्हणून एक शब्द विचारला नाही. लोखंडी किल्ली फिरली, तिचा आवाज इतका गोड लागला की सांगता येत नाही. मी कपाटापुढे मांडी घातली, कागदाची क्लिप सरळ करून रिसेटच्या भोकात दाबून धरली आणि पहिल्यापासून एकेक पोर्ट लिहायला घेतला. अर्ध्या तासात निम्मं झालं. काकांना नुसतं बसवत नाही. त्यांनी झाडू घेतला, बाकाखालचा भुसा ओढला, बॅटरी आत मारली.

"अरे," तिथूनच ते म्हणाले, "हे एक टोक लोंबतंय बघ अजून."

"असू द्या काका!"

"चिठ्ठी बांधलीय कुणीतरी याला. चष्मा नाही आणला मी." मग ढलप्या सरकल्याचा आवाज. "थांब, उठू नकोस, तू तुझं काम कर. मी लावतो."