दोन्ही घरचा पाहुणा

डीएम, म्हणजे डंजन मास्टर, व्हायला तुला कोणी सांगितलं होतं, असं आमच्या घरी दर रविवारी विचारलं जातं. मी उत्तर देत नाही, कारण तेव्हा मी कॅलक्युलेटर शोधत असतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच चांगली शिकलेली माणसं टेबलाभोवती बसतात, कोणी चेटक्याचं, कोणी योद्ध्याचं, कोणी चोराचं सोंग घेतं, वीस बाजूंचा फासा टाकतं आणि डीएम नावाचा इसम पुढे काय झालं ते सांगतो. गोष्ट रचायची त्याने, राक्षसांच्या वतीने मरायचं त्याने, भांडणं मिटवायची त्याने. तो इसम मी. राक्षसांबद्दल माझी तक्रार नाही, ते बिचारे मुकाट मरतात. माझा छळ मांडलाय तो आमच्या सीए मित्राने, विझर्ड आणि क्लेरिक एकाच देहात कोंबून.

विझर्ड पोथ्या घोकून मंत्र शिकतो, क्लेरिकला देव प्रसन्न असतो. मित्राच्या पात्राचं मूळ नाव एल्फांच्या भाषेतलं, बारा अक्षरी आहे. पोथीही आहे आणि पूजाही, म्हणून आम्ही त्याला गुरुजी म्हणतो. तिसऱ्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राची इयत्ता) गुरुजी सरळमार्गी विझर्ड होते. मग एका लढाईत सगळेच लोळले, जखमा भरायला कोणी नव्हतं, आणि पुढच्या रविवारी हा एक्सेलची फाइल घेऊन हजर. "दोन लेव्हल क्लेरिकच्या घेतो. हीलिंगही होईल, चिलखतही मिळेल. तुझा काही आक्षेप?"

आता २०१४च्या नियमपुस्तकात मल्टिक्लासिंग, म्हणजे एकाच पात्राने दोन पेशे करणं, ऐच्छिक आहे, डीएम हो म्हणाला तरच. पण आम्ही खेळतो त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटवर, आणि साडेचारला वहिनी साबुदाणा वडे आणतात. पुस्तक लिहिणाऱ्यांना हे काय ठाऊक!

मंत्र म्हणायचा तर स्लॉट, म्हणजे जादूचं एक कुपन, खर्च होतो. स्लॉटला पातळी असते, मंत्रालाही पातळी असते. दोन जादूगार पेशे एकत्र केले की स्लॉट मोजताना लेव्हलची बेरीज करायची. तीन विझर्ड अधिक दोन क्लेरिक, झाले पाच. म्हणजे गुरुजींना पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट, थेट पाचव्या लेव्हलच्या अस्सल विझर्डइतके. इथे सीएचे डोळे चमकले. पण मंत्र किती येतात हे मोजताना मात्र बेरीज चालत नाही, प्रत्येक पेशाचा हिशेब वेगळा. तीन लेव्हलच्या विझर्डला दुसऱ्या पातळीपर्यंतचे मंत्र, दोन लेव्हलच्या क्लेरिकला पहिल्याच पातळीचे. तिसऱ्या पातळीचे स्लॉट दोन, तिसऱ्या पातळीचा मंत्र एकही नाही. त्या मोठ्या स्लॉटात छोटाच मंत्र ढकलायचा आणि जरा जास्त फुगला यात समाधान मानायचं.

फायरबॉल या तिसऱ्या पातळीच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. गुरुजी दोन्ही जिन्नस पहिल्या लेव्हलपासून कमरेच्या पिशवीत बाळगून आहेत. मंत्र अजून यायचाय. आता तो येणार सातव्या लेव्हलला, तेही मध्ये आणखी कुठे पाय घातला नाही तर.

तक्रार इथे संपत नाही. विझर्डचे मंत्र बुद्धीवर चालतात, क्लेरिकचे शहाणपणावर. गुरुजींची बुद्धी १६, शहाणपण १४. त्यामुळे त्यांच्या विझर्डी मंत्रातून सुटायला शत्रूला १४ लागतात आणि क्लेरिकी मंत्रातून १३. प्रत्येक वेळी मी विचारायचं, "हा कुठल्या खात्यातला?" आणि त्याने चष्मा पुसत शीट चाळायची. कुठल्याही एका पेशात चार लेव्हल झाल्या की गुण वाढवायला मिळतात. इथे तीन आणि दोन. म्हणजे तेही गेलं. उरलं काय, तर चिलखत. क्लेरिक होताना लाइफ डोमेन ही दैवी शाखा घेतल्यामुळे गुरुजींना साखळ्यांचं जड चिलखत घालता येतं. वजन ५५ पौंड. ते घालून नीट चालायला ताकद हवी १३, गुरुजींची आहे ८. तेव्हा वेग दहा फुटांनी कमी. पळ काढायची वेळ आली की सगळे दरवाजापाशी पोचतात आणि गुरुजी अजून सभामंडपात खुळखुळत असतात.

परवाच्या पुलावरच्या लढाईत तर कमाल झाली. समोर सात हॉबगॉब्लिन नावाचे राक्षस, प्रत्येकी ११ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव. आमचा चोर त्यांच्या गराड्यात बेशुद्ध पडलेला. पाळी गुरुजींची.

"हीलिंग वर्डने याला उठवतो," सीए म्हणाला, "तो बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, होतो. आणि मुख्य ॲक्शनमध्ये मॅजिक मिसाइल, तिसऱ्या पातळीच्या स्लॉटने. पाच बाण."

"चालणार नाही. बोनस ॲक्शनमध्ये मंत्र म्हटला की त्या पाळीत दुसरा फक्त कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा मंत्र."

"पण पेशे वेगळे आहेत ना! एक देवाकडून, एक पोथीतून."

"पाळी एकच आहे."

पुस्तक उघडलं. मग दुसरं उघडलं. मग प्रश्न निघाला की एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात ढाल असताना हातवारे कुठल्या हाताने करणार. हीलिंग वर्डला हातवारे लागत नाहीत, फक्त तोंडाने म्हणायचा, हे सापडेपर्यंत वडे गार झाले.

"मी इथे मरतोय," चोर म्हणाला. "तुमची चर्चा होऊ द्या निवांत."

शेवटी गुरुजींनी तिसऱ्या पातळीचा स्लॉट हीलिंग वर्डवर ओतला. खरं सांगायचं तर फार दणदणीत हीलिंग झालं, लाइफ डोमेनचं पुण्य वर मिळून. चोर उठून बसला. उरलेल्या ॲक्शनमध्ये गुरुजींनी फायर बोल्ट मारला, तो पुलाच्या कठड्याला लागला.

पुढची पाळी सीएच्या भाचीची. दहावीत आहे, हिची सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादूगार, पहिल्यापासून सॉर्सररच. "मामा, झालं ना तुझं? फायरबॉल." आठ सहाबाजूंचे फासे लागतात, आमच्याकडे पाचच, म्हणून तीन लुडोच्या डब्यातून काढले. बेरीज ३१. वीस फूट त्रिज्या. सेव्ह झालेल्यालाही, म्हणजे फासा टाकून निसटलेल्यालाही, निम्मं नुकसान बसतं, त्यामुळे सातच्या सात हॉबगॉब्लिन गेले. मधोमध बसलेला आमचा चोरही पुन्हा आडवा झाला.

"सॉरी काका," भाची म्हणाली आणि वडा उचलला.

मी सीएला जुने दिवस ऐकवून पाहिले. १९७८च्या नियमपुस्तकात माणसांना मल्टिक्लासिंगच नव्हतं, ती चैन एल्फ, बुटके वगैरेंना. माणसाला पेशा बदलायचा तर जुन्या पेशाच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या गुणात १७ हवेत, शिवाय जुना पेशा कायमचा सोडायचा. नव्यात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुन्या विद्येचा वापर केला तर त्या मोहिमेचा अनुभव जप्त. "बघ, किती शिस्त होती," मी म्हणालो. तो म्हणाला, "माझं पात्र एल्फ आहे." मग २००० साली दारं उघडली, कोणीही काहीही व्हावं, आणि जादूगारांचे असे हाल झाले की २००३मध्ये मिस्टिक थीअर्ज नावाचा खास पेशा छापावा लागला, ज्यात विझर्ड आणि क्लेरिक जोडीने वाढतात. तो आमच्या आवृत्तीत नाही. असा पेशा होता हे मी सांगायलाच नको होतं, कारण त्या रात्री मला त्याचं मराठीत टाईप केलेलं प्रारूप आलं.

आता सगळे सहाव्या लेव्हलला पोचलेत. भाचीने शीटवर पाचाचे सहा केले, एक मंत्र लिहिला आणि ती क्लासला गेली. सीए दोन आठवडे विचारात आहे. विझर्डची चौथी घेतली तर गुण वाढतात, क्लेरिकची तिसरी घेतली तर दुसऱ्या पातळीचे दैवी मंत्र. यातलं एक घेईल आणि विषय मिटेल, असं मला वाटत होतं. पण गुरुजी मेले तर पुढचं पात्र कुठलं याचीही त्याने तयारी केलीय: सॉर्सरर आणि वॉरलॉक, म्हणजे करार करून जादू मिळवणारा.

खेळणारे याला कॉफीलॉक म्हणतात. वॉरलॉकचे स्लॉट त्या बेरजेत येत नाहीत, त्यांचं खातं स्वतंत्र, आणि ते तासाभराच्या विश्रांतीत परत भरतात. सॉर्सररला स्लॉट मोडून पॉइंट करता येतात आणि पॉइंटांचे पुन्हा स्लॉट. असे बनवलेले स्लॉट रात्रीच्या पुऱ्या झोपेनंतर नाहीसे होतात. मग झोपायचंच नाही! तासभर टेकायचं, स्लॉट मोडायचे, साठवायचे, पुन्हा टेकायचं. २०१७च्या एका पूरक पुस्तकात यावर इलाज आला: झोपेविना चोवीस तास गेले की सेव्ह, सुरुवात १०पासून, दर दिवशी आणखी ५ने अवघड, चुकलं की थकवा. मी तो परिच्छेद त्याला पाठवला.

रात्री पावणेदोनला उत्तर आलं. ऑडिटचा हंगाम, साहेब जागेच. सोबत एक्सेल, तीन शीट, पहिल्यात थकव्याचा दिवसनिहाय तक्ता. खाली लिहिलं होतं, "तिसऱ्या दिवसापर्यंत फायद्यात आहे. अप्रूव्ह कर, म्हणजे रविवारी गुरुजींना कड्यावरून ढकलता येईल."

मी लिहिलं, वहिनींना विचारून सांगतो.